सेकंड हँड डिझेल फोर बाय फोर घेताय? मग ऑइल आणि पाण्याची गळती अशी तपासा

जुनी डिझेल फोर बाय फोर बघायला गेलं की आपलं लक्ष आधी जातं टायरकडे, मग बंपर, विंच, लायटी, सीट कव्हर. गाडीखाली चटई टाकून आडवं होऊन बघणारे फार कमी. आणि नेमका खर्च तिथंच लपलेला असतो. टायर आज ना उद्या घ्यायचेच असतात, पण इंजिनाचं हेड (वरचा भाग) खोलायला लागलं किंवा गिअरबॉक्स उतरवायला लागला तर गाडी महिनाभर गॅरेजला उभी आणि घेतानाचं सगळं गणित कोलमडतं.

मी हे मुख्यतः महिंद्राच्या जीप डोळ्यासमोर ठेवून लिहितोय कारण आपल्याकडे जुन्या बाजारात त्याच जास्त फिरतात, म्हणजे प्यूजो इंजिनवाल्या एमएम ५४० नि ५५०, डीआय इंजिनची मेजर, २०१० ते २०२० मधली २४९८ सीसीची थार सीआरडीई, आणि आता २०२० नंतरची एमहॉक थार पण विकायला यायला लागलीय. पण गुरखा घ्या, सफारी घ्या, पजेरो घ्या, बघायची पद्धत तीच.

एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात पक्की करा. गळती दिसली म्हणून गाडी सोडून द्यायची नसते आणि गळती दिसत नाही म्हणून डोळे झाकून घ्यायची पण नसते. तीन प्रश्न विचारायचे, काय गळतंय, कुठून गळतंय, आणि ते काढायला काय काय उतरवावं लागणार. या तिघांचं उत्तर मिळालं की भाव आपोआप ठरतो. टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या सगळ्यात वरच्या झाकणाच्या) पॅकिंगमधून ऑइल पाझरत असेल तर ते तासाभराचं काम, पण तेच ऑइल इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडातून येत असेल तर ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा), गिअरबॉक्स, क्लच सगळं खाली.

जायच्या आधी

मालकाला फोनवर स्पष्ट सांगायचं की दादा, मी सकाळी येतोय, गाडी रात्रभर एकाच जागी उभी ठेवा, मी यायच्या आधी स्टार्ट करू नका आणि इंजिन धुऊ नका. तीनही गोष्टींना कारण आहे. रात्रभर उभी राहिली की खाली थेंब पडलेले दिसतात, थंड इंजिनला रेडिएटरचं झाकण उघडता येतं आणि कोल्ड स्टार्टचा धूर बघायला मिळतो, आणि डिझेल मारून धुतलेल्या इंजिनवर काहीच कळत नाही. गेल्यावर बॉनेटला हात लावून बघा. गरम लागला तर भांडायची गरज नाही, पण "परत उद्या सकाळी येतो" म्हणा. खरंच घ्यायची असेल तर दुसरी फेरी मारायला लाज वाटून घेऊ नका.

सोबत काय न्यायचं तर चांगली बॅटरी (टॉर्च), जुन्या सुती कापडाचे तुकडे, टिश्यू पेपर, मोठा पांढरा पुठ्ठा, हातमोजे, छोटा आरसा असेल तर उत्तम, आणि जाड चटई. डिफरेन्शियलचे प्लग खोलायला पाने लागतात, ते मेकॅनिक सोबत असेल तर त्याच्याकडे असतातच. मेकॅनिक न्यायचा तर स्वतःचा न्या, विकणाऱ्याच्या ओळखीचा नको.

इंजिन थंड असताना, स्टार्ट करायच्या आधी

पहिलं काम रेडिएटरचं झाकण. पुन्हा सांगतो, इंजिन पूर्ण थंड असेल तरच. गरम इंजिनात आतलं पाणी दाबाखाली शंभर डिग्रीच्या वर असतं, झाकण फिरवलं की उसळून तोंडावर हातावर येतं आणि भाजल्याचे डाग जन्मभर राहतात. ज्या गाड्यांना रेडिएटरवर झाकण नसतं तिथं एक्स्पान्शन टाकीचं उघडायचं.

आत काय दिसायला पाहिजे, तर स्वच्छ हिरवं, गुलाबी नाहीतर निळं कुलंट, काठोकाठ. बऱ्याच जुन्या जीपमध्ये काय दिसतं, तर चहाच्या रंगाचं तांबडं पाणी. म्हणजे वर्षानुवर्षं नळाचं नाहीतर बोअरचं पाणी ओतलंय, कुलंट नाही. अशा इंजिनात आत गंज धरलेला असतो, ब्लॉकचे वेल्च प्लग (भोकं बुजवणाऱ्या पत्र्याच्या टोप्या) आतून खाल्लेले असतात, रेडिएटरच्या नळ्या क्षाराने अर्ध्या बुजलेल्या असतात. आज गळत नसेल पण तुम्ही स्वच्छ कुलंट टाकून घाटात ताणली की कुठून ना कुठून फुटणार. तांबं-पितळेचा जुना रेडिएटर असेल तर रेडिएटरवाल्याकडून रॉडिंग (नळ्यांत सळी घालून सफाई) करून घेता येतो, पण प्लॅस्टिकच्या टाक्यांचा अॅल्युमिनियम रेडिएटर बहुतेक वेळा नवीनच टाकावा लागतो.

आता पाण्यावर तेलाचा तवंग आहे का बघा. झाकणाच्या आतल्या बाजूला बोट फिरवा, टाकीच्या काठाला फिरवा. तपकिरी चिकट साय बोटाला लागली तर ऑइल पाण्यात येतंय. लोक लगेच हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकच्या मधलं पॅकिंग) गेलं म्हणतात पण बऱ्याच डिझेल इंजिनांत ऑइल कुलर असतो आणि तो आतून फुटला तरी हेच होतं, कारण चालू इंजिनात ऑइलचा दाब पाण्यापेक्षा जास्त असतो त्यामुळे ऑइल पाण्यात शिरतं. ऑइल कुलर बदलणं हेड खोलण्यापेक्षा बरंच स्वस्त, पण नक्की काय आहे ते घ्यायच्या आधी कळलं पाहिजे, अंदाजावर पैसे द्यायचे नाहीत.

आणि हो, रेडिएटरमध्ये हळद टाकलीय का तेही बघा. लहान भोक बुजवायला रेडिएटरमध्ये हळद टाकायची ही आपल्याकडची जुनी रीत आहे आणि रस्त्यात अडकलात तर घरी पोचवते सुद्धा, पण विकायच्या गाडीत पिवळा गाळ दिसला तर समजायचं की गळती होती आणि ती नीट काढलेली नाही. बाजारात मिळणाऱ्या लीक बंद करायच्या पावडरींचं पण तसंच. टाक्यांच्या कडेला, होजच्या तोंडाशी एमसील थापलेलं असतं तेही निरखून बघा.

मग डिपस्टिक. काढा, पुसा, परत घाला, काढा. डिझेलचं ऑइल काळं असणारच, बदलल्यावर थोड्या दिवसात काळं होतं, त्याला घाबरायचं नाही. बघायचं काय तर लेव्हल आणि दाटपणा. लेव्हल कमी असेल तर गळतंय किंवा जळतंय. लेव्हल वरच्या खुणेच्या पण वर असेल तर जास्त काळजी, कारण एकतर कोणी गळतीच्या भीतीनं जास्त ओतलंय नाहीतर ऑइलमध्ये डिझेल किंवा पाणी मिसळतंय. टिश्यू पेपरवर एक थेंब सोडा आणि पाच दहा मिनिटं तसाच ठेवा. डिझेल मिसळलं असेल तर काळ्या ठिपक्याच्या बाहेर फिकट ओलसर कडं लांबपर्यंत पसरतं, आणि वास पण येतो.

पाण्याची शंका असेल तर जुन्या स्टीलच्या चमच्यात दोन थेंब ऑइल घ्या, गाडीपासून लांब जाऊन खालून लायटर धरा. निव्वळ ऑइल शांतपणे तापतं. पाणी असेल तर तडतडतं, फोडणीत मोहरी उडते तसं. अगदी थोडं पाणी असलं तरी कळतं. विकणारा बघत असतो, बघू दे.

ऑइल टाकायच्या झाकणाखाली पांढरी-पिवळी साय दिसली की लगेच "हेड गॅस्केट गेलं" म्हणून निघून यायचं नाही. पावसाळ्यात, थंडीत, गाडी रोज दोन किलोमीटर फिरून परत उभी राहत असेल तर इंजिन पूर्ण गरम होत नाही आणि दमटपणाची साय झाकणाला धरते. तीच साय डिपस्टिकवर पण असेल, ऑइल सगळंच दुधाळ असेल, तेव्हा मात्र नमस्कार करून यायचं. त्या ऑइलवर चाललेल्या इंजिनाच्या बेअरिंगचं काय झालंय हे खोलल्याशिवाय कोणी सांगू शकत नाही.

कुठला द्रव आहे ते ओळखणं

खाली पुठ्ठा टाकला, डाग पडला, आता हे नक्की काय. इंजिन ऑइल काळं आणि पातळसर. गिअर ऑइल आणि क्राउनचं (म्हणजे डिफरेन्शियलचं) ऑइल दाट, मधासारख्या रंगाचं नाहीतर जुनं झालं की काळपट, आणि त्याला गंधकाचा उग्र वास असतो, एकदा घेतला की परत विसरत नाही. पॉवर स्टिअरिंगचं लालसर, आणि काही ट्रान्सफर केसमध्ये पण लाल एटीएफच (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) असतं, त्यामुळे मधोमध लाल डाग दिसला तर स्टिअरिंगवर ढकलू नका. ब्रेक ऑइल जवळपास पारदर्शक पिवळसर, बोटाला गुळगुळीत, आणि ते चाकाच्या आतल्या बाजूला किंवा क्लचच्या सिलेंडरपाशी दिसतं. डिझेल वासानंच कळतं. कुलंट हाताला किंचित चिकट, गोडसर वासाचं, वाळलं की पांढरट किंवा हिरवट खूण राहते. चव कोणी घेऊन बघू नका, कुलंट विषारी असतं, कुत्र्या-मांजरांनी चाटलं तर मरतात, म्हणून सांडलेलं असेल तर धुऊन टाका. आणि एसी लावून गाडी फिरवली असेल तर खाली पडणारं स्वच्छ बिनवासाचं पाणी, ते एसीचं, त्याचं काही नाही.

आता स्टार्ट

रेडिएटरचं झाकण उघडंच ठेवून स्टार्ट करायला सांगा आणि तुम्ही बाजूला उभं राहून आत बघा. सुरुवातीला दोन चार बुडबुडे येतील, हवा अडकलेली असते. पण ते थांबलेच नाहीत, एका लयीत बुडबुड येतच राहिलं, रेस दिली की वाढलं, तर सिलेंडरमधला गॅस पाण्यात येतोय, म्हणजे हेड गॅस्केट किंवा हेडला तडा. इंजिन गरम व्हायला लागलं की पाणी फुगून वर येतंच, त्यामुळे हे सुरुवातीच्या दोन तीन मिनिटांतच बघून झाकण लावून टाकायचं.

झाकण लावल्यावर वरचा मोठा होज हातात धरा, फॅनपासून बोटं सांभाळून. इथं दोन गोष्टी कळतात. एक, इंजिन अजून गारच आहे पण होज दगडासारखा टणक झालाय, तर तो दाब उष्णतेचा नाही, कॉम्प्रेशनचा आहे, परत हेड गॅस्केट. दोन, थर्मोस्टॅट. चांगला असेल तर वरचा होज बराच वेळ गार राहतो आणि मग एकदम गरम होतो. स्टार्ट केल्यापासूनच हळूहळू कोमट व्हायला लागला तर थर्मोस्टॅट एकतर उघडाच अडकलाय नाहीतर आत नाहीच. आपल्याकडे गाडी गरम व्हायला लागली की थर्मोस्टॅट काढून फेकायची सवय आहे. काढलेला असेल तर ही गाडी कधीतरी गरम होत होती आणि मूळ कारण कोणी शोधलं नाही. मालकाला सरळ विचारा, "दादा, थर्मोस्टॅट का काढला?" उत्तर देताना तो काय सांगतो त्यावरून बराच इतिहास कळतो.

धूर बघा. थंडीत सकाळी सुरुवातीला थोडा पांढरा धूर येतो नि जातो, ते ठीक. गरम झाल्यावर पण पांढरा, गोड वासाचा धूर येत राहिला आणि बाहेर कुठंच पाणी गळत नाही तरी टाकी रिकामी होते अशी तक्रार असेल तर इंजिन पाणी पितंय. गाडीला ईजीआर कुलर (थोडा धूर थंड करून परत इंजिनात सोडणारा भाग) असेल तर तो आतून फुटूनही असंच होतं, म्हणून हेड खोलायच्या आधी तो तपासायला सांगायचा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, रिंग, व्हॉल्व्हचे सील किंवा टर्बो.

आता ऑइलचं झाकण सैल करून तसंच वर ठेवा. डिझेलमध्ये थोडी फुंकर येतेच. झाकण जागेवर नुसतं थरथरतंय तर चालतं. झाकण उडून पडलं, भकाभका धूर यायला लागला, तर इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारतंय, म्हणजे सिलेंडरमधला दाब खाली उतरतोय. हे गळतीच्या लेखात कशाला, तर याचा गळतीशी थेट संबंध आहे. खाली चेंबरमध्ये (ऑइलच्या टाकीत) दाब साठला की तो सगळ्या सीलमधून ऑइल बाहेर ढकलतो. मग तुम्ही पुढचा सील बदलता, महिन्याभरात मागचा गळतो, तो बदलला की चेंबरचं पॅकिंग. कधीकधी कारण नुसता चोंदलेला ब्रीदर पाइप (आतली हवा बाहेर सोडणारी नळी) असतो, तो साफ केला की निम्मी गळती बंद. म्हणून झाकण उडतंय असं दिसलं तर आधी ब्रीदर मोकळा आहे का ते बघा, तो मोकळा असूनही उडतंय तर रिंग-पिस्टनचं काम समजून भाव करा.

टर्बोवाल्या गाडीत इंटरकुलरचा (टर्बोची हवा थंड करणाऱ्या जाळीचा) पाइप काढता आला तर आत बोट घाला. आतून हलका तेलकट थर असतोच, ब्रीदरचं ऑइल तिकडून जातं. डबकं साचलं असेल तर टर्बोचा सील संशयात. हे हलक्यात घेऊ नका, टर्बोनं ऑइल जास्त सोडलं तर डिझेल इंजिन त्याच ऑइलवर पळत सुटतं आणि चावी बंद करूनही बंद होत नाही. तसं झालंच तर मॅन्युअल गाडीत ब्रेक दाबून वरचा गिअर टाकून क्लच सोडायचा, इंजिन गुदमरून बंद होतं.

गाडीखाली

नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीच जायचं नाही. जवळच्या गॅरेजचा रॅम्प किंवा खड्डा मिळाला तर सगळ्यात चांगलं, नाहीतर जीप उंच असते, सपाट जागेवर चाकाला दगड लावून आडवं होऊन दिसतं.

ऑइल खाली येतं आणि वाऱ्यानं मागं जातं, एवढं लक्षात ठेवा. त्यामुळे जिथं थेंब लटकतोय तिथून गळतंय असं नसतं. ओल्या भागाच्या सगळ्यात वरच्या, सगळ्यात पुढच्या टोकाला जायचं. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून पाझरलेलं ऑइल इंजिनाच्या मागून उतरून बेल हौसिंगच्या (क्लचभोवतीच्या कवचाच्या) खाली थेंब धरतं आणि सगळे म्हणतात क्रँकचा (इंजिनाच्या मुख्य शाफ्टचा) मागचा सील गेला. उलटं पण होतं, विकणारा म्हणतो "वरचं पॅकिंग आहे हो, पाचशे रुपयांचं काम," आणि असतो मागचा सील. फरक कळायला इंजिनाच्या मागची बाजू आरसा धरून बघा. वरून खालपर्यंत ओली रेघ असेल तर वरचं, आणि वर सगळं कोरडं, धूळ बसलेली, पण बेल हौसिंगच्या खालच्या भोकातूनच ऑइल येतंय तर क्रँक सील. मग ते ऑइल हुंगा. गंधकाचा वास असेल तर क्रँकचा नाही, गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचा सील. दोन्हीला गिअरबॉक्स उतरवणं आलंच, सील काही शे रुपयांचा आणि मजुरी हजारांत, वर क्लच प्लेट तेलकट झाली असेल तर तीही.

पुढून मागं येताना क्रँकची पुढची पुली, तिच्या मागचा सील, टायमिंग कव्हर बघा. वॉटर पंपाला, ज्याला गॅरेजमध्ये वॉटर बॉडी म्हणतात, खालच्या बाजूला एक बारीक भोक असतं, तिथून कुलंटची वाळलेली रेघ दिसली तर आतला सील संपत आलाय, थेंब येत असेल तर संपला. बऱ्याच जुन्या डिझेलमध्ये अल्टरनेटरच्या मागंच व्हॅक्यूम पंप असतो आणि त्याला ऑइलची नळी जाते, तिथून गळालं की ऑइल अल्टरनेटरमध्ये शिरतं आणि मग चार्जिंग जातं, ब्रेकही जड होतो. चेंबरचा ड्रेन बोल्ट बघा, त्याला टेफलॉन टेप गुंडाळलेली असेल तर आटे गेलेत. चेंबरच्या कडेनं ढीगभर अॅनाबाँड (पॅकिंगला लावायचा चिकट सीलंट) बाहेर आलेलं दिसलं तर कोणीतरी घाईत पॅकिंग बसवलंय, आणि जे बाहेर आलंय तेवढंच आत पण गेलेलं असतं आणि ऑइल पंपाच्या जाळीत अडकू शकतं.

ट्रान्सफर केसला पुढं मागं दोन्हीकडं शाफ्ट निघतात, तिथले सील गळाले की फिरता शाफ्ट ऑइल उडवतो आणि फ्लोअरच्या खालच्या पत्र्यावर आडवी रेघ उमटते. ती रेघ ज्या जागी आहे तिथलाच सील. जुन्या जीपमध्ये गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसच्या मधला सील गेला तर बाहेर थेंबही दिसत नाही, पण ऑइल एकातून दुसऱ्यात जातं, म्हणून दोन्हीचे लेव्हल प्लग खोलून बघायचे. एक कमी आणि दुसऱ्यातून बदाबदा बाहेर येतंय, तर हेच.

चाकांच्या आतल्या बाजूला बॅटरी मारा. मागच्या ड्रमच्या खालून तेलकट काळे ओघळ आले असतील तर एक्सलचा सील गेलाय आणि ब्रेक शू ऑइलनं भिजलेत, म्हणजे ब्रेक एका बाजूला ओढणार. ही गळती बारीक असली तरी पहिल्या दिवशी काढायची, कारण हा जिवाचा प्रश्न आहे. पुढं थारसारख्या इंडिपेंडंट सस्पेन्शनच्या गाडीत एक्सलचे रबरी बूट फाटून ग्रीस उडालंय का बघा. जुन्या सॉलिड एक्सलच्या जीपमध्ये नकलचा गोळा (पुढच्या चाकामागचा वळणारा गोल सांधा) बघा, त्यावर गंजाचे खड्डे पडले असतील तर नवीन सील टाकला तरी तो खड्ड्यांवर घासून परत गळणार.

ऑफरोडला नदीत गेलेली गाडी

फोर बाय फोरमध्ये हे वेगळं बघायलाच लागतं. चालून गरम झालेला क्राउन एकदम थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर चोंदलेला असेल तर सीलमधून पाणी आत ओढलं जातं. बाहेरून गाडी खणखणीत कोरडी दिसते. म्हणून पुढच्या मागच्या दोन्ही क्राउनचे फिलर प्लग खोलून बोट घालायचं. दुधाळ, करड्या रंगाचं आलं तर पाणी. अजून पक्कं बघायचं तर गाडी रात्रभर उभी असतानाच ड्रेन प्लग अर्धा फेरा सैल करा, पाणी जड असल्यानं तळाला बसलेलं असतं आणि ऑइलच्या आधी तेच ठिबकतं. प्लगला चुंबक असेल तर त्यावरचा बारीक काळा लगदा चालतो, लोखंडाचे कण नाहीतर दातांचे तुकडे चालत नाहीत.

पुरातल्या गाड्यांचं भान ठेवा. २०१९ ला कोल्हापूर-सांगलीला आणि २०२१ च्या जुलैत चिपळूणला पाणी शिरलं तेव्हा कितीतरी गाड्या बुडाल्या, आणि बुडालेल्या गाड्या दुरुस्त होऊन परत बाजारात येतात. कार्पेट उचला, सीटच्या खालच्या रेलवर गंज, हेडलाइटच्या आत गाळाची रेघ, डॅशबोर्डच्या खाली वायरिंगवर माती, हे बघा. पॅसेंजरच्या पायाखालचं कार्पेट ओलं आहे आणि वास गोडसर येतोय तर पूर नाही, हीटरची जाळी (आतला छोटा रेडिएटर) गळतेय.

घाटात चालवून परत बघायचं

गल्लीत चक्कर मारून काही कळत नाही. पुण्याकडची असेल तर कात्रज किंवा ताम्हिणी, साताऱ्याकडची असेल तर खंबाटकी, जो घाट जवळ असेल तो. किमान पंधरा वीस मिनिटं सलग चढ, खालच्या गिअरमध्ये, इंजिनावर भार येईल अशी. तापमानाचा काटा मधोमध येऊन स्थिर राहिला पाहिजे. चढात वाढतो आणि उतारात लगेच खाली येतो तर रेडिएटर बुजलेला किंवा फॅनचा क्लच गेलेला. काटा हलतच नसेल तर तो चालू आहे का याचीच खात्री करा. ऑइल प्रेशरचा दिवा गरम इंजिनाला आयडलवर लुकलुकला तर तिथंच थांबा.

वर पोचलात की इंजिन चालू ठेवून खाली वाकून बघा, मग बंद करून पुठ्ठा सरकवा आणि चहा घेऊन या. बंद केल्यावर पाणी थोडा वेळ अजून तापतं, दाब वाढतो, आणि जे होज आणि क्लिपा चालताना गप्प असतात ते आता ठिबकतात. पूर्ण गार झाल्यावर परत कुलंट आणि ऑइलची लेव्हल बघा, सकाळच्या खुणेशी ताडून. इंजिन धुतलेलं असेल तर ही फेरी जास्तच महत्त्वाची, संशयाच्या जोडांवर कोरडी टाल्कम पावडर भुरभुरून फिरवून आणा, जिथं पावडर काळी पडली तिथून गळतंय. मोठ्या रेडिएटरवाल्याकडे प्रेशर टेस्टर असतो, झाकणाच्या जागी लावून हातपंपानं झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकी हवा भरतात, दहा मिनिटात काटा उतरला तर कुठंतरी गळती आहेच, बाहेर दिसली नाही तर आत आहे.

भाव करताना

"डिझेल जीप म्हणजे थोडं ऑइल मारणारच" हे तुम्हाला ऐकायला मिळणार, आणि ते निम्मं खरं आहे. तीस वर्षांच्या एमएम ५४० चं इंजिन ओलसर असणं, जोडांवर तेलकट धूळ बसणं, मी त्याला गळती धरत नाही. अशी गाडी खालून नव्यासारखी कोरडी चकचकीत असेल तर उलट जास्त प्रश्न विचारेन. पण २०२१ ची थार थेंब टाकत असेल तर तिला ते माफ नाही, कारण विचारायचं, सर्व्हिस रेकॉर्ड मागायचा.

टॅपेट कव्हर, होज, क्लिपा, वॉटर बॉडी, ड्रेन बोल्ट, पॉवर स्टिअरिंगची नळी, पिनियनचा सील (क्राउनला शाफ्ट जोडतो तिथला), या सगळ्याचा खर्च भावातून कमी करून मागायचा आणि गाडी घ्यायची. फक्त पिनियनचा सील बदलताना नट अंदाजानं आवळायचा नसतो, जास्त आवळला तर बेअरिंग जातं आणि क्राउन गुरगुरायला लागतो, त्यामुळे ते काम जाणत्या माणसाकडंच. क्रँकचा मागचा सील, गिअरबॉक्सचे आतले सील, टर्बो, यांचं स्वतःच्या मेकॅनिककडून तोंडी नाही, लिहून कोटेशन घ्या आणि ती रक्कम विकणाऱ्यासमोर ठेवा. शक्य असेल तर त्यालाच दुरुस्त करून द्या म्हणू नका, स्वस्तातलं सील आणि अॅनाबाँड थापून मिळेल. पैसे कमी करून घ्या आणि काम आपल्या डोळ्यासमोर करा.

पाण्यात ऑइल, ऑइलमध्ये पाणी, सतत बुडबुडे, गरम झाल्याचा इतिहास, यापैकी काहीही असेल तर माझ्या मते ती गाडी चालू गाडीच्या भावात घ्यायचीच नाही. इंजिन कामाचं नाही असं धरून, नुसत्या बॉडी-चासी आणि कागदपत्रांच्या भावात मिळत असेल आणि इंजिन करायची तुमची तयारी असेल तरच. मालक कितीही चांगला माणूस असला तरी.

घेतल्यावर पहिल्या आठवड्यात सगळी तेलं बदला, इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, दोन्ही क्राउन, आणि कूलिंग सिस्टीम साध्या पाण्यानं खळखळून धुऊन डिस्टिल्ड वॉटर आणि कुलंट निम्मं निम्मं भरा. रेडिएटरचं झाकण नवीन टाका, जुन्या झाकणाची स्प्रिंग थकलेली असते. क्राउनच्या ब्रीदरला लांब नळी लावून ती बॉनेटपर्यंत वर आणून बांधा. आणि पहिला महिनाभर रोज सकाळी निघायच्या आधी डिपस्टिक आणि टाकी बघून लेव्हल मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा, म्हणजे किती दिवसात किती उतरतंय ते मेकॅनिकला दाखवता येतं.